नळीतला बुडबुडा

इंधनाच्या नळीत हवा शिरली की काय होतं, हे आटपाडीच्या शिवारात वाढलेल्या माझ्या पिढीला कुणी शिकवलं नाही. विहिरीवरचं डिझेल इंजिन धडधडत असायचं, पाटातून पाणी वाफ्याला लागलेलं असायचं, आणि मध्येच आवाज बदलायचा. ठोके मागेपुढे पडायचे, चाक जडावल्यासारखं दोन-चार फेरे घ्यायचं आणि थांबायचं. वाफ्याच्या टोकाला दारं धरणारा माणूस तिथूनच ओळखायचा, 'एअर घेतलं बघ.' मग पाना घेऊन इंजिनापाशी बसायचं. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करायचा, आधी फेस यायचा, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळायचा. पुढे पंपापाशी तेच. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या जाड पोलादी नळीचा नट सैल करून एकानं हँडल मारायचं आणि दुसऱ्यानं नटाकडे डोळे लावून बसायचं. बुडबुडा संपला की नट घट्ट.

या इंजिनांचं आणि आमच्या मुलखाचं नातं जुनं आहे. आटपाडी औंध संस्थानात होती आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली ज्या माळावर कारखाना उभारला, ती किर्लोस्करवाडीही औंध संस्थानातच होती. पलीकडे साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यानं तिशीच्या दशकातच डिझेल इंजिनं घडवायला घेतली होती. पुढे 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि माणदेशातल्या विहिरींवर त्या घराण्याचं नाव ओतीव लोखंडात उमटून आलं. ज्या भागात पाऊस पाठ फिरवतो, तिथं पाणी वर काढणारं यंत्र घरातल्या माणसाइतक्याच काळजीनं सांभाळलं जातं. त्यामुळे नोझलचं भोक, पंपाचा प्लंजर, गाळणीतला गाळ, नळीच्या टोकाचा वॉशर हे शब्द आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या पुस्तकातून आले नाहीत, विहिरीच्या काठावरून आले. सिलिंडरमध्ये नेमक्या क्षणी, नेमक्या मापानं, दाबाखाली इंधन फवारणं म्हणजे फ्युएल इंजेक्शन. मोटारगाड्यांच्या जाहिरातींत हा शब्द झळकायच्या कितीतरी आधी आमच्या बांधावर ते चालू होतं, आणि तेही साध्यासुध्या दाबावर नाही. शेतावरच्या डिझेल इंजिनाचं नोझल दोनशे बारच्या आसपास उघडतं.

म्हणूनच कॅप्टन अमोल यादवांच्या विमानाच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा माझं लक्ष पंखांकडे कमी आणि नळ्यांकडे जास्त गेलं. तेव्हा जेट एअरवेजमध्ये असलेला हा वैमानिक मूळचा सातारा जिल्ह्यातला. विमान स्वतः बांधायचं हे त्यांनी 1998 च्या सुमाराला मनावर घेतलं. पहिले प्रयत्न पुरे पडले नाहीत. नंतर मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, त्यांनी सहा आसनांचं विमान उभं केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर 2019 मध्ये उड्डाणचाचणीची परवानगी मिळाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या सुरू झाल्या. बातम्यांमध्ये गच्ची होती, क्रेन होती, कर्ज होतं, वर्षानुवर्षांची धावपळ होती, आणि ती असायलाच हवी. पण यंत्रावर प्रेम करणाऱ्या माणसाला छायाचित्रात जे येत नाही तेच विचारावंसं वाटतं. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल कसं नेलं असेल? कुठं वाकवली असेल नळी? कुठं चिमट्यानं धरली असेल? गच्चीवर उन्हात तापलेल्या पत्र्याशेजारी बसून एखादा सांधा पुन्हा उघडून पुन्हा बसवला असेल का?

हातानं बांधलेल्या विमानांच्या जगात या कामाला नुसतं नळकाम म्हणतात, पण बांधणाऱ्यांचे कित्येक महिने त्यातच जातात. चार सिलिंडरचं, दोनशे अश्वशक्तीचं, अशा विमानांत सर्रास दिसणारं इंजिन घ्या. पूर्ण ताकदीनं झेपावताना ते तासाला साठ-पासष्ट लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला साधारण लिटरभर. पंखातल्या टाकीत पेट्रोल असतं. टाकीला वरून हवा आत येण्याची वाट ठेवलेली असते. ती वाट बुजली तर इंधन खाली उतरतच नाही. तिथून गाळणी, मग डाव्या-उजव्या टाकीची निवड करणारा व्हॉल्व्ह, मग विजेवरचा पंप. पुढे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणूस यांच्यामधला पातळ स्टेनलेस पत्रा. तो ओलांडला की इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा दुसरा पंप. मग सर्व्हो, जो आत जाणारी हवा मोजून त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो. शेवटी इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला फ्लो डिव्हायडर. त्यातून केवळ अष्टमांश इंच जाडीच्या स्टेनलेसच्या नळ्या चार दिशांना चार सिलिंडरकडे निघतात. प्रत्येकीच्या टोकाला नोझल आणि त्यातलं भोक पाऊण मिलिमीटरहूनही बारीक.

आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकच्या पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखंच पाणी मिळालं पाहिजे, यासाठी जो आटापिटा चालतो, तोच इथं चार सिलिंडरांसाठी चालतो. एकाच्या वाट्याला थोडं कमी आलं, तर तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो, इंजिन थरथरतं, आणि ती थरथर पुन्हा त्याच बारीक नळ्यांना छळते. नळी कापताना निघालेला एक कीस आत राहिला, तर तो वाहत वाहत कधीतरी त्या भोकाशी येऊन अडकणार. म्हणून नळी कापली की आतून कड खरडायची, धुवायची, हवेनं फुंकायची, आणि जोडेपर्यंत दोन्ही तोंडं टोपणं लावून बंद ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे. मला त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो.

सांध्याविषयी थोडं सविस्तर सांगायलाच हवं. टाकीकडच्या नळ्या बहुधा मऊ ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांचं तोंड कर्ण्यासारखं फाकवतात, त्याला फ्लेअर म्हणतात, आणि ते तोंड जोडाच्या निमुळत्या टोकावर दाबून नटानं आवळतात. मध्ये रबर नाही, दोरा नाही, टेप नाही. धातूवर धातू बसतो आणि तेवढ्यानं पेट्रोल अडतं. आटपाडीच्या बाजारपेठेत फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीकडे फ्लेअरचं हत्यार मिळेल, त्याचा हातही त्यावर बसलेला असेल. पण त्याचं हत्यार 45 अंशांचं. विमानातला फ्लेअर 37 अंशांचा असतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. 45 चं तोंड 37 च्या टोकावर चढवलं तर नट आवळला जाईल, जमिनीवर गळणारही नाही कदाचित. पण धातू पूर्ण पृष्ठभागावर टेकण्याऐवजी एका बारीक कडेवर टेकलेला असेल, आणि इंजिनाच्या कंपनानं तिथं तडा जाईल. आठ अंशांचा हा फरक अंदाजानं कळत नाही. त्यासाठी योग्य हत्यारच हातात असावं लागतं, आणि ते योग्य का, हेही ठाऊक असावं लागतं.

फायरवॉलच्या पुढे नियम आणखी कडक होतात. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि पेट्रोलची आग त्याहून कितीतरी तापते, म्हणून पत्र्याच्या त्या बाजूला जोड पोलादाचे. इंजिन रबरी आधारांवर हलत असतं आणि विमानाचा सांगाडा स्थिर असतो, म्हणून या दोघांमध्ये ताठ नळी चालत नाही, लवचिक होज लागतो आणि त्यावर आग सोसणारं जाड आवरण. डोक्यावरच्या त्या बारीक स्टेनलेसच्या नळ्यांची टोकं डाग देऊन बसवलेली असतात. त्या मध्येच चिमट्यांनी धरून ठेवाव्या लागतात, नाहीतर कंपनानं डागाच्या मुळाशी चिरतात. लायकमिंग या अमेरिकन इंजिन कंपनीनं केवळ या नळ्या आणि त्यांचे चिमटे तपासण्यासाठी 342 क्रमांकाचं सूचनापत्र काढलेलं आहे. ते वाचताना मला आमच्या गलाई कारागिरांची आठवण आली. खानापूर-आटपाडीकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशभरातल्या पेठांमध्ये जाऊन बसली आहेत. धातू कुठल्या रंगावर आला की ज्योत मागे घ्यायची, हे त्यांच्या मनगटात आहे. त्यांच्यापैकी कुणाला हा डाग दाखवला तर तो चांगला की वाईट हे तो भिंग न लावता सांगेल, याची मला खात्री वाटते.

आता हवेकडे परत यायला हवं, कारण खरा शत्रू तीच आहे. नळी गळते म्हणजे थेंब पडतो असं आपण धरून चालतो. पंपाच्या पुढच्या बाजूला, जिथं दाब असतो, तिथं ते खरं आहे. पंपाच्या मागच्या, ओढणाऱ्या बाजूला मात्र फटीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी, नळी कोरडी, वास नाही, आणि इंजिन मात्र उपाशी. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह ठीक असूनही पंप पाणी उचलत नाही तेव्हा जाणता शेतकरी सक्शनच्या पाइपावर चिखल थापून फट शोधतो, ते याच कारणानं. विमानात आणखी एक संकट आहे, ते म्हणजे फट नसतानाही नळीत बुडबुडा होणं. पेट्रोल सहज उकळतं. ते ओढलं जात असेल तर नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की ते आणखी कमी तापमानाला उकळतं, आणि उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमीच. त्यात नळी सायलेन्सरजवळून गेलेली असेल तर बोलायलाच नको. याला व्हेपर लॉक म्हणतात. पंप द्रव ढकलायला बांधलेला असतो, वाफ त्याला ढकलता येत नाही. म्हणून विजेवरचा पंप शक्य तितका टाकीजवळ आणि खाली बसवायचा, म्हणजे पेट्रोल ओढण्यापेक्षा ढकललं जाईल. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या पद्धतीत दाब तीन बारच्या वर ठेवतात आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीनं टाकीत सोडतात. सतत वाहतं राहिल्यानं ते तापत नाही, बुडबुडाही टाकीत जाऊन विरतो. पण मग टाकी बदलताना परतीची वाटही त्याच टाकीकडे वळली पाहिजे. नाहीतर डाव्या टाकीतून घेतलेलं पेट्रोल उजव्या भरलेल्या टाकीत जाऊन हवेच्या वाटेतून, म्हणजे वेंटमधून, बाहेर सांडेल.

उन्हाळ्यात चाळीस अंश ओलांडणाऱ्या आमच्या माळावर हे सगळं जास्तच लागू पडतं. शिवाय आता रस्त्यावरच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांतूनही जातं, आणि ऊस पिकवणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या पद्धतीचं रबर फुगवतं. ज्या होजवर मोटारसायकल वर्षभर चालते, तो होज विमानात घालायचा विचार कुणाच्या मनात आला, तर त्याला आधी पेट्रोलची ही नवी जात समजून घ्यावी लागेल.

विमानाच्या इतिहासात इंधनाच्या वाटेनं केवढा फरक पडतो हे दाखवणारी एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता आणि जर्मन डेमलर-बेंझ इंजिनाला इंजेक्शन. जर्मन वैमानिक नाक झटकन खाली करून सूर मारायचा. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकानं तसं केलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर गप्प व्हायचं. तेवढ्यात समोरचा निसटायचा. फार्नबरोच्या संशोधनसंस्थेत बिट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर होत्या, मोटारसायकलच्या शर्यती जिंकलेल्या. त्यांनी इंधनाच्या नळीत बसेल अशी भोक असलेली एक धातूची चकती तयार केली. भोक इतक्याच मापाचं, की पूर्ण ताकदीला लागेल तेवढं पेट्रोल जावं आणि जास्त उसळू नये. इंजिन उतरवावं लागलं नाही, विमान कामातून काढावं लागलं नाही. मार्च 1941 पर्यंत शिलिंग आणि त्यांचे मोजके सहकारी विमानतळोविमानतळी फिरून या चकत्या बसवत होते. पुढे चांगले कार्ब्युरेटर येईपर्यंत त्यांच्यावर निभावलं. या गोष्टीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते भोकाचं माप. ते त्यांनी काढलं होतं, गणितानं आणि चाचणीनं, आणि मग प्रत्येक चकतीत ते तसंच उतरवलं होतं.

हे मी इतक्या आग्रहानं सांगतो त्याला कारण आहे. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात चोवीस वर्षांच्या एका तरुणानं स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना जीव गमावला. मोटारीचं इंजिन, वेल्डिंगचं कसब आणि गावानं केलेलं कौतुक. पातं तुटलं आणि त्याला लागलं. पेट्रोलच्या नळीचा त्यात काही संबंध नव्हता. पण ती बातमी वाचल्यापासून 'गावच्या पोरानं जुगाड करून विमान केलं' अशा मथळ्यांचा मला मनस्वी राग येतो. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून चारचाकी केली आणि सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण त्या हातांत खरंच विद्या आहे. रस्त्यावरची गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. विहिरीवरचं इंजिन एअर घेऊन थांबलं तर फार तर एक वाफा कोरडा राहतो. हवेत ही सवलत नसते. फुलसावंगीच्या त्या पोराच्या हाताला कसब कमी नव्हतं. त्याच्याजवळ बसून 'हे पातं किती फेऱ्यांना फुटेल, हे आधी रिकाम्या जागी, लांबून, फिरवून पाहिलंस का?' असं विचारणारं कुणी नव्हतं. विचारणारं माणूस त्याच्याजवळ नेऊन बसवणं हे आपलं काम होतं, सगळ्यांचंच.

विमान बांधणाऱ्यांच्या जगात हे विचारणं कामाचाच भाग असतं. नट योग्य जोरानं आवळला की त्यावरून जोडापर्यंत रंगाची एक रेघ ओढतात. पुढे कधीही टॉर्च मारून पाहिलं आणि रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला. रेघच नसेल, तर तो आवळलाच नाही असं धरायचं, मग स्वतःला कितीही आठवत असो. प्रत्येक सांध्याची नोंद वहीत. आणि उड्डाणाआधी इंधनाच्या धारेची चाचणी. विमानाचं नाक चढणीच्या वेळी जितकं वर असेल तितकं जमिनीवरच उचलायचं, मागचं चाक खड्ड्यात उतरवून किंवा पुढचं उंचावर चढवून. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवायचं. इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून मापाच्या भांड्यात धरायची आणि घड्याळ लावायचं. पंपाच्या पद्धतीत इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी लागतं त्याच्या सव्वापट, म्हणजे मिनिटाला लिटर लागत असेल तर सव्वा लिटर, भांड्यात पडलं पाहिजे. नुसत्या उतारानं येणाऱ्या पेट्रोलला दीडपट. एका पंपावर मोजायचं, मग दुसऱ्यावर, मग दोन्ही टाक्यांवर वेगवेगळं. एखादा आकडा कमी आला तर सगळी वाट उलगडायची आणि अडथळा सापडेपर्यंत उडायचं नाव काढायचं नाही. या चाचणीला खर्च जवळपास नाही. एक बादली, एक घड्याळ आणि आकडा कमी आला तर थांबण्याची तयारी.

राइट बंधूंचं 1903 सालचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्त्रीनं सहा आठवड्यांत घडवलं होतं. त्याला पंप नव्हता, कार्ब्युरेटरही आजच्यासारखा नव्हता. पंखांच्या मधल्या खांबाला बांधलेल्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानं उतरत होतं. टेलरसारखी माणसं आमच्या तालुक्यात आहेत असं मी म्हणतो तेव्हा ते अभिमानापोटी म्हणत नाही. मी त्यांना नोझल खोलताना, फवारा धुक्यासारखा पडतोय की पिचकारीसारखा हे पारखताना पाहिलेलं आहे. आता टेंभू योजनेचं पाणी आलं, विजेच्या मोटारी आल्या, डाळिंबाला ठिबक आलं, आणि ते हात रिकामे होत चालले आहेत. त्यांची मुलं आयटीआयला जातात.

त्या आयटीआयच्या कार्यशाळेत एक बाकडं असावं असं मला फार वाटतं. त्यावर एक टाकी, एक पंप, गाळणी, आणि मधला नळीचा एक हात लांबीचा तुकडा काचेसारखा पारदर्शक. मुलांनी 37 अंशांचा फ्लेअर करावा, नट आवळून रेघ ओढावी, मग सक्शनच्या बाजूला मुद्दाम केसाएवढी फट ठेवून पाहावी. थेंब पडणार नाही, पण पारदर्शक नळीत बुडबुडे पळू लागतील. मग भांडं धरून मिनिटाला किती येतंय ते मोजावं, वहीत लिहावं आणि खाली सही करावी. पेट्रोलऐवजी पाणी वापरलं तरी चालेल. शिकवायला विहिरीवरच्या इंजिनांत आयुष्य गेलेला एखादा मिस्त्री बोलवावा, त्याला मानधन द्यावं, आणि 37 आणि 45 अंशांची दोन्ही हत्यारं त्या बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवावीत.